एम.ए. : कशात, कोठे आणि कशासाठी?

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

दिवाळीची सुट्टी संपली की तृतीय वर्षाच्या वर्गात एकच प्रश्न फिरू लागतो, "पुढे काय?" त्यावरची उत्तरेही ठरावीक असतात. कोणी म्हणते, बी.एड. करणार, कोणी म्हणते, स्पर्धा परीक्षा देणार, आणि ज्यांचे काहीच ठरलेले नसते ते म्हणतात, एम.ए. करणार. कशात, असे विचारले तर 'ज्यात बी.ए. झाले त्यात', आणि कोठे, असे विचारले तर 'सगळे जातील तिथे'. ज्या निर्णयावर आयुष्याची दोन वर्षे आणि घरच्यांच्या कष्टाचा पैसा खर्ची पडायचा, तो निर्णय कँटीनमधला चहा संपण्याआधीच होऊन जातो.

मला तेवढी चैन परवडण्यासारखी नव्हती. आमच्या घरात पदवीपर्यंत आलेली मी पहिलीच. दीड एकर ऊस, दोन म्हशी, आणि कारखान्याचे बिल आले म्हणजे घरात दिसणारा पैसा, असा आमचा संसार. धाकटा भाऊ बारावीला आहे. पुढच्या वर्षी त्याचाही खर्च सुरू होईल. "दोन वर्षं शिक, मी नाही म्हणत न्हाई. पण तिसरं मागू नगंस," असे आबांनी स्पष्ट सांगितले आहे, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. तेव्हा हा प्रश्न परीक्षेच्या विषयासारखाच अभ्यासावा लागला. अभ्यासक्रम उतरवून घेतले, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून पाहिल्या, आमच्या कॉलेजातून पुढे गेलेल्या ताई-दादांना गाठून विचारले. त्यातून जे हाती आले ते क्रमाने मांडते. माझा विषय अर्थशास्त्र असल्यामुळे उदाहरणे त्यातली अधिक आहेत. पण मराठी, इतिहास वा मानसशास्त्र घेतलेल्या मित्रमैत्रिणींनाही ती आपल्या विषयाला लावून पाहता येतील.

शेवटाकडून सुरुवात

शीर्षकात 'कशासाठी' हा शब्द शेवटी आला असला तरी विचाराची सुरुवात तेथूनच करावी लागते. एम.ए. ही एक वाट आहे. ती कोठे पोहोचते हे आधी पाहावे.

वरिष्ठ महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचे असेल तर एम.ए.ला खुल्या प्रवर्गासाठी किमान ५५ टक्के आणि राखीव प्रवर्गांसाठी ५० टक्के गुण मिळवून नेट किंवा सेट ही परीक्षा उत्तीर्ण व्हायची, ही नेहमीची वाट. अकरावी-बारावीला शिकवायचे असेल तर एम.ए.च्या जोडीला बी.एड. लागते. माध्यमिक शाळेत शिकवायचे असेल तर बी.ए.नंतर सरळ दोन वर्षांचे बी.एड. करता येते, त्यासाठी राज्याची सी.ई.टी. द्यावी लागते आणि मध्ये एम.ए.ची आवश्यकता नसते. वकिलीसाठी पदवीनंतर तीन वर्षांचा एलएल.बी. आहे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना तर कोणत्याही शाखेची पदवी पुरते. केवळ त्या परीक्षांसाठी शहरात राहायला मिळावे म्हणून एम.ए.ला नाव घालणारे अनेकजण आहेत. त्यांनी तसे जरूर करावे, पण मग विषय व विद्यापीठ यांवर फार डोके शिणवू नये. त्यांचा प्रश्न वेगळा आहे.

मानसशास्त्राच्या मैत्रिणींसाठी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. रुग्णांवर उपचार करणारी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंदणी व्हावी, असे ज्यांच्या मनात असेल त्यांना नुसते एम.ए. पुरत नाही; भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. दोन वर्षांनंतर हे कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.

नव्या शैक्षणिक धोरणाने वाटा वाढवल्या आहेत, तेही लक्षात घेतले पाहिजे. तीन वर्षांनी पदवी घेऊन दोन वर्षांचे एम.ए. करता येते, किंवा चौथे वर्ष पूर्ण करून ऑनर्स पदवी घेतली तर एम.ए. एका वर्षाचे होऊ शकते. चौथे वर्ष संशोधनासह करायचे असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असावेत, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा दंडक आहे. दोन वर्षांच्या एम.ए.त पहिल्या वर्षानंतर थांबावे लागले तर पदव्युत्तर पदविका मिळण्याची सोय झाली आहे. प्रथम व द्वितीय वर्षातल्या मुलामुलींनी हे आत्तापासूनच ध्यानात ठेवावे, कारण ७५ टक्क्यांचा हिशेब त्यांच्या पहिल्या सत्रापासून सुरू होतो.

नाव एक, विषय दोन

'कशासाठी' ठरले की 'कशात' येते. येथे सर्वांत मोठा चकवा आहे. आपण पदवीचे नाव वाचतो, आत काय शिकवतात ते वाचत नाही.

एम.ए. अर्थशास्त्र हेच घ्या. एका प्रकारच्या प्रश्नपत्रिकेत विचारतात, 'समवृत्ती वक्रांच्या साहाय्याने उपभोक्त्याचा समतोल स्पष्ट करा.' आपण आकृती काढतो, चार मुद्दे लिहितो, शेवटी टीका लिहितो. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नपत्रिकेत उपयोगितेचे एक फलन दिलेले असते, किंमत व उत्पन्न अक्षरांत दिलेले असते, आणि त्यावरून मागणीचे समीकरण काढा म्हणतात. तेथे आकृतीवर भागत नाही. कलन यावे लागते. सिद्धांत तोच, प्रकरण तेच, पण एका ठिकाणी भाषा शब्दांची आहे आणि दुसऱ्या ठिकाणी गणिताची. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा किंवा पुण्याच्या गोखले संस्थेचा अभ्यासक्रम दुसऱ्या भाषेत बोलतो. तेथे सांख्यिकी आणि अर्थमिती हे तोंडी लावण्याचे विषय नाहीत. दहावी-बारावीनंतर गणिताचे पुस्तक मिटलेल्या कला शाखेच्या विद्यार्थ्याने हे आधी पाहिले नाही, तर पहिल्याच सत्रात 'नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा' अशी गत व्हायची. गणित नको, असे मी म्हणत नाही. ते लागणार आहे हे जाणून जावे, आणि मधल्या सुट्टीत अकरावी-बारावीचे पुस्तक पुन्हा उघडावे, एवढेच.

इतर विषयांतही असेच आहे. मराठीच्या एम.ए.त कोठे आधुनिक साहित्यावर भर असतो, कोठे संतसाहित्यावर, कोठे भाषाविज्ञानाला मोठी जागा असते. भाषा म्हणजे काय याचाच ज्याला छंद लागला आहे, त्याने मराठीचे एम.ए. करावे की भाषाविज्ञानाचे, हा खरा प्रश्न आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान आणि पुरातत्त्व यांचे स्वतंत्र विभाग आहेत, हे आपल्याकडच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? इतिहासात ज्याला गडकिल्ले आणि खापरे खुणावतात, त्याची जागा कदाचित इतिहासाच्या वर्गात नसून पुरातत्त्वाच्या उत्खननावर असेल. मोडी लिपीतले कागद वाचायचे असतील तर मोडी शिकवण्याची सोय कोठे आहे ते पाहून इतिहासाचा विभाग निवडावा लागेल.

यासाठी मी तीन गोष्टी केल्या आणि त्या कोणालाही करता येण्याजोग्या आहेत. पहिली, प्रत्येक ठिकाणचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून घेतला आणि त्यातले सक्तीचे व ऐच्छिक पेपर दोन रकान्यांत लिहिले. ऐच्छिक पेपर छापलेले पुष्कळ असतात. पण शिकवायला माणूस असेल आणि पुरेसे विद्यार्थी असतील तेवढेच प्रत्यक्षात चालतात. त्यामुळे तेथे शिकणाऱ्यांकडून 'यंदा कोणते चालू आहेत' हे विचारून घेतले. दुसरी, प्रत्येक ठिकाणच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळवल्या आणि त्यातली एकेक घड्याळ लावून सोडवली. प्रश्नपत्रिका खोटे बोलत नाही. माहितीपत्रकात लिहिलेले सगळे ती चाळून आपल्यासमोर ठेवते. तिसरी, ज्या पुस्तकांची नावे संदर्भसूचीत आहेत त्यांतले एक आपल्या ग्रंथालयातून काढून त्याचे एक प्रकरण वाचले. वाचताना झोप आली की पुढचे पान उलटावेसे वाटले, याची नोंद वहीत केली. शेतीचा पतपुरवठा, सहकार आणि ग्रामीण मजुरी यांवरची प्रकरणे मी न सांगता पुढे वाचत गेले. आंतरराष्ट्रीय चलनव्यवहाराच्या प्रकरणावर दोनदा चहा करून प्यावा लागला. माझा कल मला असा वहीतून समजला.

विद्यापीठ म्हणजे कोण?

आता 'कोठे'. आपण बी.ए.ला असताना विद्यापीठ म्हणजे गुणपत्रिकेवरचे बोधचिन्ह आणि परीक्षेचे वेळापत्रक, यापलीकडे त्याची गाठ पडत नाही. याचे कारण इतिहासात आहे. १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे निघाली ती त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या, शिकवायचे ते कॉलेजांनी. मुंबई विद्यापीठाने पॅट्रिक गेडिस यांच्या हाती समाजशास्त्राचा विभाग दिला तो १९१९ साली, म्हणजे स्थापनेनंतर तब्बल ६२ वर्षांनी. पदवीपुरते आपण आजही त्या जुन्याच पद्धतीत आहोत. आपल्या दृष्टीने आपले कॉलेज हेच आपले विद्यापीठ.

एम.ए.ला हे चित्र पालटते. विद्यापीठाच्या आवारातला विभाग हा तुमचा वर्ग होतो. तेथे शिकवणारे बहुधा स्वतः संशोधन करणारे असतात आणि तुमच्या शेजारच्या खोलीत पीएच.डी.चे विद्यार्थी बसतात. त्याच विद्यापीठाची तीच पदवी एखाद्या संलग्न महाविद्यालयाच्या पदव्युत्तर केंद्रातूनही मिळते. ती घराजवळ असते, स्वस्त पडते, आणि शिक्षक जीव लावून शिकवणारे असले तर उत्तमही असते. पण ग्रंथालय, सोबत आणि वातावरण यांत फरक पडतो. म्हणून 'पुणे विद्यापीठ' किंवा 'मुंबई विद्यापीठ' एवढे म्हणून थांबू नये. कोणता विभाग, कोणते आवार, तेथे कोण शिकवते, हे विचारावे.

मानांकनांचे तक्ते या बाबतीत थोडीच मदत करतात. नॅकची स्थापना १९९४ची. तिची श्रेणी साऱ्या संस्थेला मिळते, एका विभागाला नव्हे. केंद्र सरकारच्या एन.आय.आर.एफ. क्रमवारीची पहिली यादी २०१६ साली निघाली. अध्यापनाची साधने, संशोधन, विद्यार्थ्यांचे निकाल, सर्वसमावेशकता आणि लोकमत अशा पाच कसोट्यांवर ती बेतलेली आहे. त्यात अभियांत्रिकीची वेगळी यादी आहे, वैद्यकाची आहे. अर्थशास्त्राची किंवा मराठीची नाही. ज्या विद्यापीठाचा रसायनशास्त्राचा विभाग नावाजलेला आहे, त्याच्या इतिहास विभागात मंजूर जागांपैकी निम्म्या रिकाम्या असू शकतात. म्हणून विभागात पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, हा प्रश्न विचारायला संकोच करू नये. तासिका तत्त्वावरचे शिक्षक कमी शिकवतात असे नव्हे. पण पुढल्या वर्षी ते असतीलच, याची त्यांनाही खात्री देता येत नाही. मग तुमचा संशोधन प्रकल्प कोणाच्या हाताखाली व्हायचा?

विभागाला स्वतःचा एक स्वभाव असतो, हे मला अर्थशास्त्राच्या इतिहासातून कळले. गोखले संस्था १९३० साली साताऱ्याच्या रावबहादूर काळे यांच्या देणगीतून उभी राहिली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. पुणे शहराची घरोघर जाऊन केलेली सामाजिक-आर्थिक पाहणी हे त्या संस्थेचे गाजलेले काम. तेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत होते. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा १९७१चा अभ्यास याच संस्थेतला. आकडे गोळा करायचे, मोजायचे आणि मग बोलायचे, हा तेथला बाणा. मुंबईला वकील व ब्रह्मानंद यांनी १९५६ साली दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात अवजड उद्योगांआधी मजुरांच्या गरजेच्या वस्तूंचा विचार करा, असा वेगळा मार्ग मांडला. मुंबई विद्यापीठाच्याच पीएच.डी. असलेल्या कृष्णा भारद्वाज यांनी दिल्लीला जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अर्थशास्त्राचे जे केंद्र उभे केले, ते अभिजात अर्थशास्त्राकडे आणि शेतीसंबंधांकडे वळलेले. तीन ठिकाणे, तीन स्वभाव. अर्थात परंपरा ही जुन्या वाड्यासारखी असते. आज तेथे कोण राहते हे आत जाऊन पाहावे लागते. पण आपल्या स्वभावाशी कोणते घर जुळेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

दूर केव्हा जावे?

'दुरून डोंगर साजरे' असे म्हणून दूर जाणाऱ्याला अडवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि 'हुशार आहेस तर दिल्लीलाच जा' म्हणून ढकलणारेही आहेत. दोघेही अंतर मोजतात. जायचे कशाकरिता ते विचारत नाहीत.

दूर जाण्याचे सार्थक कसे असते, हे पाहायचे तर दोन आयुष्ये डोळ्यांसमोर ठेवावीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली बी.ए. झाले आणि सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी अर्थशास्त्रापुरते स्वतःला बांधून घेतले नाही. इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांचे वर्ग केले. जातिसंस्थेवरचा त्यांचा सुप्रसिद्ध निबंध १९१६ साली तेथल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला गेला, हे आपण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. नंतर ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि स्नेह्यांची मदत घेतली आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२३ साली डी.एस्‌सी. मिळवूनच ते थांबले. जे शिकायचे होते ते तेथे होते, म्हणून ते तेथे गेले. आणि मध्येच खंड पडला तरी उद्दिष्ट ढळले नाही.

दुसरे उदाहरण इरावती कर्वे यांचे. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या. पण पुढे समाजशास्त्र शिकायचे होते, आणि ते शिकवणारे घुर्ये मुंबईला होते. त्या मुंबईला गेल्या, १९२८ साली एम.ए. झाल्या, नंतर बर्लिनला जाऊन डॉक्टरेट घेतली आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेजात काम केले. पदवीचा विषय एक, एम.ए.चा दुसरा, संशोधनाची जागा तिसरी. 'ज्यात बी.ए. त्यातच एम.ए.' हा नियम कोणी घालून दिलेला नाही, हे या उदाहरणावरून पटते. आजही अनेक विद्यापीठे अन्य विषयांच्या पदवीधरांना प्रवेश देतात; त्या त्या विभागाची अट तेवढी नीट वाचून घ्यावी.

अर्ज, परीक्षा आणि दाखले

राज्यातल्या विद्यापीठांत एम.ए.चे प्रवेश त्या त्या विद्यापीठाच्या नियमाने होतात. कोठे प्रवेश परीक्षा आहे, कोठे पदवीचे गुण धरतात. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सी.यू.ई.टी.-पी.जी. ही सामाईक परीक्षा सुरू झाली. दिल्ली, जवाहरलाल नेहरू, हैदराबाद अशी अनेक विद्यापीठे तिच्या गुणांवर प्रवेश देतात. विषयाच्या पेपरात ७५ प्रश्न असतात. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्याला १ गुण वजा. गेली काही वर्षे ही परीक्षा मार्चमध्ये होते आहे आणि अर्ज हिवाळ्यातच भरावे लागतात. आपल्या वर्गात एम.ए.ची चर्चा सुरू होते निकालानंतर, जूनमध्ये. तोवर ते दार लागलेले असते. कित्येक हुशार मुले गुणांमुळे नव्हे, तारखेमुळे मागे राहतात.

भाषेचाही विचार केला पाहिजे. या परीक्षेत अर्थशास्त्र, इतिहास यांसारख्या विषयांचे पेपर इंग्रजी व हिंदीत असतात, मराठीत नाहीत. आपण मराठी माध्यमातून शिकलो याची लाज नको, पण 'सीमांत', 'लवचिकता', 'तूट' या शब्दांना इंग्रजीत काय म्हणतात ते पाठ नसेल तर येत असलेले उत्तरही हातून जाईल. मी एका वहीत दोन्ही शब्द समोरासमोर लिहीत गेले. चारशेच्या वर शब्द झाले.

दाखल्यांच्या बाबतीत केंद्राचे आणि राज्याचे नियम निराळे आहेत. केंद्रीय विद्यापीठात इतर मागासवर्गाचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. आपल्याकडच्या विमुक्त जाती व भटक्या जमातींचा तेथे स्वतंत्र प्रवर्ग नाही, तसाच राज्याचा एस.ई.बी.सी. प्रवर्गही नाही. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्यासाठी कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि शेती ५ एकरांहून कमी असावी लागते. हा दाखला त्या त्या आर्थिक वर्षापुरता चालतो. तहसील कचेरीतला हेलपाटा चुकत नाही, तेव्हा तो लवकर घालावा. दुसऱ्या विद्यापीठात जाताना मायग्रेशन सर्टिफिकेट लागते, हेही विसरू नये.

ज्यांना घर सोडता येत नाही किंवा नोकरी करतच शिकायचे आहे, त्यांनी मुक्त विद्यापीठांकडे कमीपणाने पाहू नये. दिल्लीचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५चे आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९चे. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली पुन्हा स्पष्ट केले आहे. मात्र 'मान्यताप्राप्त' हा शब्द मोलाचा आहे. संस्था कोणतीही असो, तिला पदवी देण्याचा अधिकार आहे काय, आणि दूरशिक्षणाचा तो विशिष्ट अभ्यासक्रम आयोगाच्या यादीत आहे काय, हे पाहिल्यावाचून एक पैसाही भरू नये. बनावट विद्यापीठांची यादी आयोग स्वतः प्रसिद्ध करतो.

अंथरूण आणि पाय

खर्चाचा हिशेब करताना आपण फी पाहतो. पण एम.ए.ची फी ही बहुतेक सरकारी विद्यापीठांत खर्चाची लहान बाजू असते. खरा पैसा जातो तो राहण्यात, खानावळीत आणि जाण्यायेण्यात. म्हणून पहिला प्रश्न फीचा नव्हे, वसतिगृहाचा विचारावा : जागा किती, पहिल्या वर्षाला मिळते का, की दुसऱ्या वर्षी? बाहेर खोली घ्यावी लागली तर अनामत किती? मी प्रत्येक ठिकाणासाठी चोवीस महिन्यांचा तक्ता केला. त्यात फी, राहणे, जेवण, वर्षातून चार वेळा गावी येणे, पुस्तके, आणि आजारपणासाठी थोडी रक्कम असे रकाने पाडले. तक्ता आबांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि आजारपणाचा आकडा वाढवायला सांगितला.

शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज करावा लागतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना अशा सोयी आहेत. पण हप्ता हाती पडायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या सहा महिन्यांचा खर्च शिष्यवृत्तीवाचून निभेल काय, हे आधी पाहावे. अर्ध्या वाटेत शिक्षण सुटण्याचे कारण पुष्कळदा अभ्यास नसतो. खानावळीची थकलेली बाकी असते.

माझी यादी

आता मी काय ठरवले ते सांगते, कारण न सांगितले तर वरचा सारा उपदेश उंटावरून शेळ्या हाकल्यासारखा होईल.

घरी आजीचे म्हणणे, पोरीने बी.एड. करून जवळच्या शाळेत लागावे. कॉलेजात काहींचे म्हणणे, वर्गात पहिली येतेस तर दिल्लीवाचून दुसरे नाव घेऊ नकोस. दोन्ही सल्ल्यांमागे माया आहे. पण बी.एड.चे म्हणणे माझ्या मुलगी असण्याकडे पाहून आहे आणि दिल्लीचे माझ्या गुणांकडे पाहून. मला काय शिकायचे आहे, हे दोहोंत कोठेच येत नाही. मला शिकायचे आहे ते हे : आमच्या गावात सोसायटीचे कर्ज, पतसंस्थेचे कर्ज आणि दुकानदाराची उधारी असे तीन प्रकारचे पैसे एकाच घरात फिरतात, त्यातले कोणते कधी फेडायचे हे बाई ठरवते की पुरुष, आणि उसाच्या बिलाला उशीर झाला तर कोणते आधी थकते? हे मोजायला सांख्यिकी हवी, आणि विचारायला आमची भाषा हवी.

या कसोटीवर माझ्या यादीत पहिले नाव कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे आले. १९६२ साली निघालेले हे विद्यापीठ. कोल्हापूर, सांगली, सातारा हा त्याचा मुलूख, म्हणजे ऊस, दूध आणि पतसंस्थांचाच मुलूख. माझा प्रश्न ज्या घरांत आहे ती घरे तेथून एस.टी.च्या अंतरावर आहेत, आणि चोवीस महिन्यांचा माझा तक्ता तेथे जुळतो. दुसरे नाव हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठाचे. त्यासाठी सामाईक परीक्षेचा अर्ज भरला आहे आणि गणिताची जुनी पुस्तके पुन्हा काढली आहेत. तेथे प्रवेश आणि वसतिगृह दोन्ही मिळाले, तर अर्थमितीचा पाया पक्का करून मी परत याच प्रश्नाकडे येईन. वसतिगृह मिळाले नाही तर कोल्हापूर. पहिल्या नावाला मी जवळ म्हणून निवडले नाही आणि दुसऱ्याला मोठे म्हणून नाही, एवढे समाधान मला आहे. आजीला मी सांगितले आहे, की बी.एड.ची वाट एम.ए.नंतरही बंद होत नाही.

शेवटी प्राध्यापकवर्गाला एक विनंती. आपल्या कॉलेजातून दर वर्षी काही विद्यार्थी वेगवेगळ्या विद्यापीठांत जातात. तेथे कोणते ऐच्छिक पेपर खरोखर चालतात, वसतिगृह कधी मिळते, प्रवेश परीक्षेत काय विचारले, महिन्याला किती खर्च येतो, हे सारे त्यांना ठाऊक असते; पण ते आपल्यापर्यंत पोहोचत नाही. ग्रंथालयात एक नोंदवही ठेवावी. पुढे गेलेल्या प्रत्येकाने सुट्टीत गावी आला की तीत दोन पाने लिहावीत, आणि जुन्या प्रश्नपत्रिका सोबत लावाव्यात. असा उपक्रम सुरू झाला तर पुढच्या वर्षीच्या दिवाळीत दोन पाने लिहून देण्याचे मी कबूल करते, मग ती कोल्हापूरची असोत की हैदराबादची.